इनास अंकलचा चॅम्पियन

मस्कतमधल्या आमच्या अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये आवाज भरपूर होते. एसीची घरघर, आईचा मिक्सर, शाळेच्या बसचा हॉर्न, समोरच्या मशिदीची अजान, आणि वरच्या मजल्यावरच्या बाळाचं रडणं. सगळे ओळखीचे. पण एक आवाज कुणालाच ओळखू येत नव्हता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो छतातून यायचा. धप्. मग धप्-धप्. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि परत धप्. बाबा म्हणाले, पाण्याच्या पंपाचा व्हॉल्व्ह गेलाय. बाबा इंजिनियर आहेत, त्यांना प्रत्येक आवाजात बिघाडच ऐकू येतो. आई म्हणाली, “वर कोणीतरी गाद्या झोडपून राह्यलंय, दुसरं काय!” मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि गच्चीवर जायला आम्हा मुलांना सक्त मनाई होती. त्यामुळे अर्थातच मी गेले.

आता मी चोवीस वर्षांची आहे, आणि या वयात आठवणी लिहायला बसणं म्हणजे जरा अतीच आहे हे मला कळतं. माझी मैत्रीण म्हणाली, “निदान एक तरी केस पांढरा होऊ दे!” पण मला सांगायचंच आहे, आणि आत्ताच सांगायचंय. कारण ही गोष्ट अजून माझ्या खांद्यात आहे. लॅपटॉपवर बसून खांदा आखडला की मी उठते, उजवा पाय पुढे टाकते, डावा मागे, आणि ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभ्या उभ्या हवेत दोन मारते. सगळे बघतात. बघू देत.

तर गच्ची. पाण्याच्या टाक्या, डिश अँटेनांची जत्रा, वाळत घातलेले कपडे, आणि त्या सगळ्याच्या मध्ये हॉटेलच्या युनिफॉर्मची पॅन्ट आणि बनियन घातलेला, पोट जरासं सुटलेला, साठीला टेकलेला एक माणूस. तो एका लोंबकळणाऱ्या पोत्याला मारत होता. इतकं सुंदर मारत होता, की मी दाराशीच खिळून राहिले. म्हणजे त्याचं अंग जाडजूड, पण पाय मात्र कुणीतरी दुसऱ्याचेच असल्यासारखे हलके. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, “दार लोट गो बाय, धूळ येते.” मराठी! मी म्हटलं, “तुम्ही मराठी आहात?” तो म्हणाला, “नाय, जपानी.” असे भेटले इनास अंकल.

अंकल वसईचे. मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात लॉन्ड्रीत सुपरवायझर होते, आणि आमच्याच बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर वसईच्याच दोन माणसांबरोबर एक खोली वाटून राहायचे. ते पोतं म्हणजे हॉटेलच्या लॉन्ड्रीची कॅनव्हासची बॅग होती, आणि आत कंडम झालेले टॉवेल ठासून भरलेले. फाटलेला, डाग न निघणारा टॉवेल हॉटेलात कंडम करतात. तो पाहुण्यांना देत नाहीत, चिंध्या करून पुसायला वापरतात. अंकलनी मॅनेजरची परवानगी घेऊन वर्षभर एकेक टॉवेल जमवून ती बॅग भरली होती. ऑगस्टमध्ये हवेत ओल आली की टॉवेल पाणी पीत आणि बॅग दगडासारखी व्हायची. अंकल म्हणायचे, “या महिन्यात तिचं वजन वाढतं, आपलं नाय वाढलं पाहिजे.” हाताला गुंडाळायच्या पट्ट्याही त्यांनी कंडम चादरी फाडून केलेल्या, इस्त्री केलेल्या, एकसारख्या घडीच्या. इतक्या पांढऱ्याशुभ्र, की पहिल्यांदा माझ्या मुठीला त्या बांधल्या तेव्हा मला लागलं नसतानाच बँडेज केल्यासारखं वाटलं.

आणि टाकीच्या पाइपाला, कपड्यांच्या दोन चिमट्यांनी लावलेला एक फोटो. लॅमिनेट केलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यात एक काळा माणूस, उघडा, चकाकणारा, मुठी वर, उजवा हात आणि उजवा पाय पुढे, डावा हात हनुवटीशी. त्याच्या उजव्या भुवईवर एक व्रण. डोळे सरळ आपल्यावर. अंकल प्रॅक्टिस सुरू करायच्या आधी फोटो लावायचे आणि संपली की काढून शर्टच्या आत ठेवायचे. मी विचारलं, “हा कोण?” ते म्हणाले, “आमचा चॅम्पियन.” नाव त्यांनी नंतर सांगितलं, पण आमच्या घरात त्याला कायम चॅम्पियनच म्हटलं गेलं, म्हणून इथेही तेच म्हणते.

त्या फोटोची गोष्ट अशी. अंकलचा मोठा भाऊ मुंबईत एका प्रेसमध्ये कामाला होता. तिथे कुठूनतरी परदेशी मासिक आलं, त्यात हा फोटो होता, आणि भावाने तो मोठा करून छापून धाकट्यासाठी आणला. अंकल तेव्हा सोळाचे. गावच्या चर्चच्या मागे एक हॉल होता, तिथले फादर पोरांना बॉक्सिंग शिकवायचे. फादरांकडे चॅम्पियनच्या आयुष्यावरचं इंग्रजी पुस्तक होतं. ते रविवारी मिस्सानंतर वाचायचे आणि मराठीत सांगायचे. पुस्तकात चित्रं नव्हती, आणि फोटोत गोष्ट नव्हती. अंकलनी दोन्ही जोडून चॅम्पियन तयार केला. फादर म्हणाले, “अरे, तू उजवा आहेस, डावा हात पुढे ठेव.” अंकल म्हणाले, “चॅम्पियन कुठे ठेवतो?” आणि फोटोत बघून त्यांनी उजवा पुढे ठेवला. कायमचा. उजव्या हाताचा माणूस डावखुऱ्यासारखा लढायला लागला, आणि मुंबईच्या क्लबातले भले भले त्यांच्यासमोर गोंधळायला लागले, कारण सगळं उलट्या बाजूने यायचं. मी पण उजव्या हाताची. मला पण त्यांनी तसंच उभं केलं. “फोटो बघ. पाय बघ त्याचे. दुसरीकडे बघायचंच नाय.”

चॅम्पियनची गोष्ट ते हप्त्या-हप्त्याने सांगायचे. शंभर दोरीच्या उड्यांमागे एक तुकडा. मी दम लागून वाकले की ते म्हणायचे, “शंभर झाले? बरं. तर त्याची आई लोकांचे कपडे धुवायची.” मला वाटायचं ते आपली लॉन्ड्री मुद्दाम घुसवतायत, पण नाही, ते खरंच होतं, मी नंतर तपासलं. चॅम्पियनची आई गोऱ्या लोकांच्या घरचे कपडे आणून धुवायची आणि हा सात-आठ वर्षांचा असल्यापासून ओल्या चादरी पिळायचा. मनगटं तिथे झाली. गाठोडी डोक्यावर घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचवायचा, मान तिथे झाली. वाटेत पोरं मारायची आणि गाठोडं खाली पडू द्यायचं नसायचं, म्हणून तो एका हाताने गाठोडं धरून दुसऱ्या हाताने मारायला शिकला. इथे अंकल करूनही दाखवायचे, डोक्यावर माझी स्कूलबॅग घेऊन. मी हसून हसून बसायचे. “हसतेस काय? यल्ला, अजून शंभर!”

मग तो मोठा झाला, लढायला लागला, सगळ्यांना हरवायला लागला, आणि तरी त्याला टायटलची फाइट मिळेना. त्याच्या वजनाचा जो चॅम्पियन होता तो काळ्या माणसाशी लढायचाच नाही. वर्षं गेली. तो गावोगाव फिरून लढला, धर्मशाळेसारख्या हॉटेलांत राहिला, अर्ध्या वेळी पंचांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. मॅनेजर म्हणाला, सोड. बायको म्हणाली, सोड. दुसरे बॉक्सर रिटायर होतात त्या वयात, एक दिवस, अखेर त्याला फाइट मिळाली. आणि पहिल्याच राउंडला तो पडला. इथे अंकल नेहमी थांबायचे आणि पट्ट्यांची घडी घालायला लागायचे. “पडला? मग? अंकल, मग?” “उद्या.” दुसऱ्या दिवशी शाळेत माझं अंगच नुसतं बसलेलं होतं, मन सगळं त्या रिंगमध्ये पडलेलं. संध्याकाळी कळलं, तो उठला होता. पाचव्यात परत पडला, परत उठला. आणि तेराव्या राउंडला त्याच्या हनुवटीशी इतका वेळ गप्प बसलेला तो मागचा हात सुटला. खलास. रेडिओवाल्याला बोलायला शब्द सुचेना, असं फादर सांगायचे.

घरी हे सगळं आईला आवडत होतं असं नाही. “नाक तुटलं म्हणजे? आपल्या घराण्यात तेवढंच एक बरं आहे,” असं ती म्हणायची. आई अकोल्याची, ज्वारीचं पीठ तिच्या माहेराहून सुटकेसमधून येतं, आणि शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा असतोच. अंकलना ती शुक्रवारी जेवायला बोलवायची, कारण बॉक्सिंगवर राग असला तरी एकटा राहणारा माणूस उपाशी असतो यावर तिचा ठाम विश्वास. अंकल वसईहून आलेलं सुकट घेऊन यायचे आणि “वहिनी, ठेच्यात टाका, मग बघा” म्हणायचे. आईने दोनदा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा टाकलं. तेव्हापासून आमचा ठेचा अर्धा अकोल्याचा आणि अर्धा वसईचा आहे.

अशाच एका शुक्रवारी अंकलनी जेवताना खानावळीची गोष्ट सांगितली. चॅम्पियन टायटल जिंकून एका गावात गेला होता. भूक लागली म्हणून एका खानावळीत शिरला. गल्ल्याच्या मागे भिंतीवर त्याचाच फोटो, फ्रेम करून लावलेला. मालक म्हणाला, “तुम्ही आलात, आमचं भाग्य, पण जेवण मागच्या दाराशी मिळेल.” चॅम्पियनने फोटोकडे बघितलं. म्हणाला, “मग हा पण माझ्याबरोबर मागे येईल.” आणि त्याने भिंतीवरून फोटो काढला, काखेत मारला, आणि पुढच्या दाराने बाहेर पडला. उपाशी. बाबा भाकरी मोडता मोडता थांबले. बाबा कमी बोलतात. त्यांनी विचारलं, “आणि फ्रेम?” अंकल म्हणाले, “फ्रेम खानावळवाल्याचीच ना. ती त्याने पोस्टाने परत पाठवली.” बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला, आणि मग बराच वेळ बेसिनपाशी हात धूत उभे राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला खरे ग्लोव्हज आणून दिले, लाल. कारण सांगितलं नाही. आईने सांगितलं, खूप नंतर. आजोबांना, म्हणजे बाबांच्या वडिलांना, गावच्या हॉटेलात चहा बाहेर उभं राहून मिळायचा, कप वेगळा, आणि तो विसळून ठेवायचाही त्यांनीच.

एक वर्ष असं गेलं. मग दोन गोष्टी एकदम झाल्या. अंकलची साठी आली. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपणार, फायनल एक्झिट, वसईला कायमचे परत. आणि सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या फिलिपिनो फोरमननी चालवलेल्या एका क्लबने मे महिन्यात एक स्पर्धा ठेवली, त्यात मुलींची पण एक फाइट होती. अंकल फोन करून माझं नाव देऊन मोकळे झाले आणि मग घरी येऊन परवानगी मागितली. आई म्हणाली, “भाऊ, आधी विचारायचं असतं.” अंकल म्हणाले, “वहिनी, आधी विचारलं असतं तर तुम्ही नाय म्हटलं असतं.” मग म्हणाले, “मी इतकी वर्षं इथे टॉवेल मोजले. शिकवलं असं एकच माणूस. तिला एकदा रिंगमध्ये बघितलं की जाईन.” आईने त्यांच्या ताटात अजून एक भाकरी वाढली, म्हणजे हो.

आता पुढचं. फाइटच्या पंधरा दिवस आधी मी आजारी पडले, साधं सर्दी-खोकला, आणि पडल्या पडल्या मोबाईलवर चॅम्पियनचं नाव टाकलं. इतके दिवस का टाकलं नव्हतं? मला स्वतःलाच आश्चर्य वाटतं. मला वाटतं, मला अंकलच्या तोंडचा चॅम्पियनच हवा होता. अंकलकडे बटणांचा फोन, वसईला बोलायला. रूममेटनी कधी व्हिडिओ दाखवायचं म्हटलं तर ते म्हणायचे, “एवढ्याशा काचेत माणूस मुंगी दिसतो. माझा चॅम्पियन मी मुंगी करून बघणार नाय.” तर मी टाकलं, आणि तो आला. ब्लॅक अँड व्हाइट, हलणारा! मी अंथरुणात उठूनच बसले. तो चालत होता, वाकत होता, तोच, तेच डोळे. आणि त्याचा डावा हात पुढे होता.

मला वाटलं व्हिडिओ चुकीचा आहे. दुसरा लावला. डावा पुढे. तिसरा. डावा पुढे, उजवा हनुवटीशी, आणि भुवईवरचा व्रण डावीकडे. मी कपाटाच्या आरशासमोर गेले आणि डावा हात पुढे करून उभी राहिले. आरशात जी मुलगी उभी होती तिचा उजवा हात पुढे होता. हुबेहूब फोटोसारखी. फोटो उलटा छापला गेला होता. प्रेसमध्ये. सगळं उलटं. अंकलनी त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षं चॅम्पियनसारखं उभं राहण्यासाठी स्वतःचा उजवा हात दिला होता, आणि चॅम्पियन तसा कधी उभाच राहिला नव्हता.

सांगायचं कसं? आणि नाही सांगितलं तर मी रिंगमध्ये जायचं कसं, एका छपाईच्या चुकीवर उभी राहून? अंकल गच्चीवर फोटो चिमट्यात अडकवायचे आणि मी त्याच्याकडे बघायचंच टाळायचे. “पाय बघ त्याचे, समू!” ते ओरडायचे. मी हो म्हणायचे. आणि खाली येऊन, बेडरूमचं दार लावून, मोबाईल उशीला टेकवून, मी खऱ्या चॅम्पियनसारखी उभी राहून प्रॅक्टिस करायचे. डावा पुढे. गुपचूप. पंधरा दिवस. मला वाटत होतं मी त्यांना वाचवतेय. खरं म्हणजे मला त्यांच्यावरचा विश्वास राहिला नव्हता, आणि ते मी स्वतःलाही सांगत नव्हते.

सोहारला आम्ही सकाळी निघालो. बाबा गाडी चालवतायत, पुढे अंकल हॉटेलच्या इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मागे मी आणि आई, आईच्या मांडीवर डबा आणि डब्यावर फर्स्ट-एड बॉक्स. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खजुराच्या बागा. मध्येच अंकल म्हणाले, “इंजिनियर, जरा एसी कमी करा, पोरीचे खांदे थंड पडतील.” हॉल म्हणजे एका गोदामाशेजारचा पत्र्याचा शेड, आत मोठे कूलर, तळलेल्या लसणाचा आणि घामाचा वास, कामावरून सुटलेली पाच-सहाशे माणसं, आणि प्रत्येक फाइटला इतका गोंगाट, की पत्रा थरथरायचा. रेफरी एक ओमानी गृहस्थ होते, शाळेत पी.टी. शिकवणारे. माझ्यासमोर जॅस्मिन, एका फिलिपिनो मेकॅनिकची मुलगी, सोळा वर्षांची, केसांच्या घट्ट वेण्या, चेहऱ्यावर शून्य भाव. ती मला बघून एकदाच हसली आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

घंटा झाली. आणि मी डावा हात पुढे टाकला.

तीन राउंड, दोन-दोन मिनिटांचे. पहिल्या राउंडबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही, कारण मला फार काही दिसलंच नाही. जॅस्मिन आयुष्यभर अशाच उभ्या राहणाऱ्या मुलींशी लढलेली होती. तिला माझा प्रत्येक हात आधीच माहीत. मला मात्र पंधरा दिवसांचं, उशीला टेकवलेल्या मोबाईलचं ज्ञान. नाकावर बसला, कपाळावर बसला, परत नाकावर. पाय एकमेकांत अडकत होते. ते वर्षभर दुसरंच शिकले होते ना. एकदा मी गुडघ्यावर आले. रेफरींनी आठपर्यंत मोजलं. माणसांच्या गोंगाटातही मला आईचा आवाज ऐकू आला, “अगं माय!” बस.

कॉर्नरला येऊन स्टुलावर आदळले. एक मिनिट असतं. अंकलनी माउथगार्ड काढलं, तोंडावर पाणी मारलं, नाकात कापूस घातला. हात एकदम शांत. मग खाली वाकून विचारलं, “कोणाकडून शिकून आलीस हे?”

“अंकल...”

“कोणाकडून?”

“चॅम्पियनकडून,” मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. “अंकल, फोटो उलटा आहे. मी व्हिडिओ बघितला. तो डावा पुढे ठेवायचा. सगळ्या व्हिडिओत. व्रण पण डावीकडे आहे. फोटो उलटा छापलाय.”

ते थांबले. हातातला टॉवेल माझ्या मानेवर तसाच. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, संपलं, मी या माणसाचं काहीतरी कायमचं मोडलं, तेही पाच-सहाशे माणसांत, स्टुलावर बसून. मागून कुणीतरी ओरडलं, “दहा सेकंद!”

“किती दिवस माहीत होतं?”

“पंधरा.”

“पंधरा दिवस एकटी घेऊन फिरलीस?” ते म्हणाले. मग त्यांनी माउथगार्ड परत माझ्या तोंडात ठेवलं आणि माझ्या उजव्या गुडघ्यावर चापट मारली. “उलटा तर उलटा. या पोरीने उलटं कधी बघितलं नाय. हा पाय पुढे. तिच्या पायाच्या बाहेर ठेव. आणि मागचा हात गप्प बसव, वेळ येईपर्यंत. जा, बाय.”

मी गेले. उजवा पाय पुढे टाकला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं, अक्षरशः, गच्चीच्या गरम फरशीवर. जॅस्मिनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी उमटलं. तिचा डावा माझ्या उजव्या हातावर आपटायला लागला, ती वळायला गेली की मी तिच्या पायाच्या बाहेर. दुसरा राउंड बरोबरीचा गेला. तिसऱ्यात, मी शपथेवर सांगते, मला गोंगाट ऐकूच येत नव्हता, फक्त धप्, धप्-धप्, माझाच. शेवटची काही सेकंदं राहिली असताना ती पुढे झुकली आणि माझा मागचा हात, जो माझा खरा हातसुद्धा नाही, तो सुटला. सरळ. ती दोरांवर गेली. तिच्या तोंडचं माउथगार्ड उडून कूलरपाशी पडलं. पूर्ण शेड उभा राहिला. आणि घंटा झाली.

मी हरले. पॉइंटांवर, एकाच्या फरकाने. पहिल्या राउंडने हरले, म्हणजे माझ्या गुपिताने हरले. जॅस्मिनने मला मिठी मारली आणि तिच्या तुटक्या हिंदीत म्हणाली, “पहले राउंड में तू कौन थी? बहन थी क्या तेरी?” तिच्या बाबांनी आम्हाला भात आणि तळलेले मासे बांधून दिले. आईने माझं नाक दोन बोटांनी चाचपून बघितलं, सरळ आहे अशी खात्री केली आणि मग तिलाच रडू आलं. अंकलनी माझ्या पट्ट्या सोडल्या, रक्त लागलेली बाजू आत घेऊन घडी केली, आणि गाडीत जाऊन बसले.

परतताना त्यांचं मौन मला नाकापेक्षा जास्त दुखत होतं. मस्कत तासाभरावर आलं तेव्हा बाबांनी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीपाशी गाडी घेतली. तिथे हॉर्न वाजवला की पोऱ्या गाडीपाशी करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, आणून देतो. ऊन उतरलं होतं, डोंगर जांभळे झाले होते. अंकल चहाचा कप घेऊन उतरले, बॉनेटला टेकले, आणि म्हणाले, “दादाने निगेटिव्ह उलटी टाकली. चोरून छापत होता ना, जेवणाच्या सुट्टीत. घाईत असणार.” मग थोड्या वेळाने, “दाखव.”

“अंकल, छोटा दिसेल.”

“दाखव गो.”

मी ती टायटलची फाइट लावली, मोबाईल काचेला टेकवून बॉनेटवर ठेवला. आम्ही चौघं वाकून बघायला लागलो. चॅम्पियन रिंगमध्ये आला. अंकलनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चॅम्पियन पहिल्या राउंडला पडला आणि अंकलचा हात आपोआप पुढे गेला, त्याला उठवायला जावा तसा. तो उठला. पाचव्यात पडला, उठला. अंकलचे ओठ हलत होते. फादरांची मराठी वाक्यं असणार, शब्दन् शब्द. तेरावा राउंड आला, मागचा हात सुटला, उजवा, आणि बाबा “ओ हो हो!” करून असे ओरडले, की चहावाला पोऱ्या दचकला. अंकल ओरडले नाहीत. त्यांचा चहा तसाच गार झाला होता. त्यांनी कप खाली ठेवला, मोबाईलसमोर सरळ उभे राहिले, आणि हळूच आपल्या जुन्या पद्धतीने मुठी वर केल्या. उजवा पुढे. मोबाईलच्या काचेत तो, डावा पुढे. पाय पायासमोर, मूठ मुठीसमोर, आरशात बघावं तसं.

“बघा हां, इंजिनियर,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता, सोळा वर्षांच्या पोराचा. “इतकी वर्षं मला वाटलं मी याच्यासारखा उभा आहे. मी तर याच्या समोर उभा होतो.”

मग आई म्हणाली, “मग, भाऊ? कोण जिंकलं?”

अंकलनी मुठी खाली घेतल्या नाहीत. स्क्रीनवरून नजरही काढली नाही.

“परत लाव, समू,” ते म्हणाले. “अजून त्याचा डावा मी नीट बघितला नाय.”